लाळ, पासंग आणि दोन मिलिमीटर

आमच्या भडगावकडे कोणाला कॅन्सर झाला आणि त्याला मुंबईला नेले, की परत आलेल्या माणसाच्या तोंडी एक शब्द हमखास असतो – 'शेक'. अमक्याला तीस शेक दिले, तमक्याचे अजून दहा शेक बाकी आहेत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर तापलेला तवा नाहीतर विटभट्टी येते. शेक संपवून आलेल्या माणसाची मानेची कातडी काळवंडलेली दिसते, मग तर खात्रीच पटते की यंत्राने भाजून काढले!

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून आधी हा हिशेब करून टाकू. रेडिएशनची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅममागे एक ज्यूल ऊर्जा. एका दिवसाची मात्रा साधारण दोन ग्रे. आता पाण्याची विशिष्ट उष्णता आठवा (पहिल्या वर्षाला सगळ्यांनी पाठ केली होती!) आणि भाग द्या. तापमान वाढते एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतके. पूर्ण उपचाराचे सत्तर ग्रे एकदम दिले तरी वाढ एका अंशाच्या साठाव्या भागाची. चहाच्या एका घोटाने तोंड याहून जास्त तापते. म्हणजे शेक हा शब्द चुकीचाच. किरण उष्णतेने मारत नाहीत, ते पेशीतला डीएनए तोडतात. निरोगी पेशी हे तुटणे बऱ्यापैकी सांधून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी, आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे देतात. कातडी काळी पडते ती किरणांमुळे तिच्यातले रंगद्रव्य वाढल्यामुळे.

मग यात आपल्यासारख्यांनी वाचण्याजोगे काय? तर, नेम. डोके आणि मान हा शरीराचा असा भाग आहे की तिथे मुठीएवढ्या जागेत सगळे काही कोंबलेले आहे. जीभ, जबडा, स्वरयंत्र, गिळण्याचे स्नायू, मागे मज्जारज्जू, आणि दोन्ही कानांच्या खाली-पुढे पॅरोटिड नावाच्या लाळेच्या ग्रंथी. लहानपणी गालगुंड झाले की फुगते तीच ही ग्रंथी. मज्जारज्जूला साधारण ४५ ग्रेच्या वर मात्रा जाऊ नये म्हणून डॉक्टर जिवापाड जपतात, कारण तिथे चूक झाली तर माणूस लुळा पडू शकतो. पॅरोटिडचे तसे नाही. ती गेली तर कोणी मरत नाही. फक्त तोंड कोरडे पडते.

'फक्त' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि जेवताना जी भरभर सुटते तिचा मोठा वाटा पॅरोटिडचा. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत खाणाऱ्या माणसाची लाळ गेली म्हणजे काय झाले, हे खान्देशात वाढलेल्याला समजावून सांगावे लागू नये. भाकरीचा घास लाळेशिवाय गिळून पाहा. शिवाय दात झपाट्याने किडतात, रात्री दर तासाला पाण्यासाठी उठावे लागते, बोलताना जीभ टाळूला चिकटते. आणि हे सारे महिनाभर नव्हे, जन्मभर.

जुन्या काळी याला इलाज नव्हता. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० ची यंत्रे सुरू झाली, त्यांनी लाखो लोकांना वाचवले. पण मानेला डावी-उजवीकडून समोरासमोर दोन शलाका दिल्या की वाटेतल्या दोन्ही पॅरोटिड होरपळणारच. नंतर लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे लिनॅक आले. त्याच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात. त्या कॉम्प्युटरच्या हुकमाने पुढे-मागे सरकून किरणांना हवा तो आकार देतात. कित्येक दिशांनी, कमी-जास्त तीव्रतेने किरण सोडून गाठीभोवती मात्रेचा डोंगर उभा करायचा आणि शेजारी पॅरोटिडपाशी दरी ठेवायची, या तंत्राला आयएमआरटी म्हणतात. पॅरोटिडची सरासरी मात्रा साधारण २६ ग्रेच्या आत राहिली तर ती पुढे पुन्हा काम करू लागते, हे १९९९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या आयस्ब्रुख आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

हे केवळ परदेशातले कौतुक नाही. आपल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेत २००५ ते २००८ या काळात ६० रुग्णांवर रीतसर तुलना झाली. निम्म्यांना जुनी त्रिमिती पद्धत, निम्म्यांना आयएमआरटी, कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले. २०१२ मध्ये निकाल छापून आला : उपचाराच्या काळात लाळग्रंथींचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत ८९ टक्के रुग्णांना, तर आयएमआरटीत ५९ टक्के रुग्णांना. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट नावाच्या ९४ रुग्णांच्या चाचणीत (२०११) वर्षभरानंतरचे आकडे ७४ आणि ३८ टक्के होते. दोन्हीकडे आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती सांगितलीच पाहिजे. रोग आटोक्यात राहण्यात किंवा जगण्याच्या काळात दोन पद्धतींत ठळक फरक पडला नाही. यंत्र महाग झाले म्हणून कॅन्सर जास्त बरा होतो असे नाही. बरा झालेला माणूस जेवू शकतो का, एवढाच फरक. पण माझ्या मते तो 'एवढाच' नाही.

आता खरी अडचण. डोंगर आणि दरी जितकी जवळ तितका मधला उतार तीव्र. अशा जागी एका मिलिमीटरला मात्रा काही टक्क्यांनी बदलते. रुग्ण टेबलावर तीन मिलिमीटर डावीकडे झोपला, तर दरीतली पॅरोटिड डोंगरावर चढते आणि डोंगरावरची गाठ उतरणीला लागते. यंत्राचा नेम अचूक, पण निशाण हलते आहे! कोबाल्टची जुनी शलाका भोंगळ होती, पण त्यामुळेच ती असल्या चुका पोटात घालत होती. नवे यंत्र घालत नाही.

निशाण हलू नये म्हणून मास्क वापरतात. थर्मोप्लास्टिकची जाळीदार शीट साधारण ७० अंशांच्या गरम पाण्यात मऊ करायची, चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवायची, काही मिनिटांत ती कडक होते. मग हा मास्क रोज टेबलाला खिळवायचा आणि त्यावरच्या खुणा भिंतीतल्या लेसर रेषांशी जुळवायच्या.

मी हे सगळे जवळून पाहिले ते माझ्या मोठ्या मामांमुळे. तंबाखू-चुना आयुष्यभर. डाव्या गालाच्या आत जखम झाली ती भरलीच नाही. (भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, असे ग्लोबोकॅनचे २०२२ चे अंदाज सांगतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि टपरीवर काय मिळते ते वाचकांना ठाऊक आहेच.) मुंबईला ऑपरेशन झाले, त्यानंतर तीस दिवसांचे रेडिएशन, रोज दोन ग्रे. उन्हाळी सुट्टीत त्यांच्यासोबत राहायला मी गेलो. मुक्काम दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे खान्देश, विदर्भ, मराठवाडा, बिहार, बंगाल, सगळीकडचे पेशंट. मामांना कॅन्सरपेक्षा पूर्वहंगामी कपाशीची काळजी जास्त. लागवड डोक्यावर आलेली आणि हे इथे अडकलेले!

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी आहे म्हटल्यावर तिथल्या मेडिकल फिजिसिस्ट मॅडमनी मला एकदा कन्सोलसमोर उभे केले. स्क्रीनवर मामांच्या कवटीची दोन चित्रे एकावर एक. एक जांभळे, सुरुवातीच्या सीटी स्कॅनचे. दुसरे हिरवे, आत्ता मिनिटापूर्वी टेबलावरच घेतलेले. जिथे दोन्ही जुळतात तिथे करडा रंग दिसतो. मणक्याच्या कडेला हिरवी किनार दिसत होती. मॅडमनी बटण दाबले, किनार नाहीशी झाली, बाजूला तीन आकडे उमटले आणि आत टेबल आपोआप किंचित सरकले. मामांना कळलेसुद्धा नाही. मग किरण सुरू झाले. 'इमेज गायडेड' म्हणजे चित्राच्या मार्गदर्शनाने रेडिओथेरपी, ती हीच.

ते हिरवे चित्र कसे मिळते ते पाहण्यासारखे आहे. उपचाराच्या शलाकेशी काटकोनात लिनॅकच्या अंगावरच एक साधी एक्स-रे नळी आणि तिच्या समोर चपटा डिटेक्टर बसवलेला असतो. यंत्र रुग्णाभोवती फिरताना शेकडो एक्स-रे चित्रे टिपली जातात आणि कॉम्प्युटर त्यांतून त्रिमिती चित्र उभे करतो. याला कोन-बीम सीटी म्हणतात. लिनॅकवर चपटा डिटेक्टर लावून हे जमवले अमेरिकेतल्या विल्यम ब्यूमाँट हॉस्पिटलमध्ये डेव्हिड जाफ्रे आणि सहकाऱ्यांनी, २००० च्या आसपास. पण गंमत पुढेच आहे. शंकूच्या आकाराच्या किरणांवरून चित्र उभारण्याचे सर्वांत गाजलेले गणित १९८४ सालचे, फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस या तिघांचे. हे तिघे कोणत्या हॉस्पिटलात होते? कुठल्याच नाही. ते फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागात होते! वस्तू न फोडता तिच्या आतले दोष पाहणे हा त्यांचा विषय. मेकॅनिकलच्या मित्रांनी एनडीटी हा विषय ऑप्शनला टाकण्याआधी दोनदा विचार करावा.

हे चित्र साध्या सीटीइतके स्वच्छ नसते. रुंद शंकूमुळे विखुरलेले किरण डिटेक्टरवर येऊन धूसरपणा आणतात, मांसल भाग नीट ओळखू येत नाहीत. हाडे मात्र छान दिसतात, म्हणून जुळवणी बहुतेक वेळा हाडांवर. इथे सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाही. मान जरा जास्त वाकली असेल तर वरचे मणके जुळवले की खालचे सुटतात, खालचे जुळवले की वरचे. जबडा तर स्वतंत्रच हलतो. टेबल सरकवता येते, फिरवता येते, पण वाकलेली मान टेबल सरळ करू शकत नाही. मग काय जुळवायचे? गाठ होती तो भाग, की मज्जारज्जू? मॅडम म्हणाल्या की कधी कधी सरळ दार उघडून आत जायचे, मास्क काढायचा आणि पेशंटला पुन्हा झोपवायचे, हेच खरे उत्तर असते. करेक्शन करता येते म्हणून करत सुटायचे नाही, हे मला पटले.

चौथ्या आठवड्यात मामांचे वजन ६२ वरून ५६ किलोवर आले. तोंडात फोड, गिळवेना, नाकातून नळी. मास्क आता गालाशी सैल झाला. चित्रात कवटी जुळत होती पण कातडीची कड आत सरकलेली स्पष्ट दिसे. हे घडतेच. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात १४ रुग्णांचे उपचारादरम्यान आठवड्यातून तीनदा सीटी काढले होते (बार्कर आणि सहकारी, २००४). त्यात दिसले की पॅरोटिड नुसत्या आकसत नाहीत, त्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमक्या जास्त मात्रेकडे सरकतात. उपचार संपेपर्यंत मधला आकडा ३.१ मिलिमीटर, आणि वजन जितके घटले तितके हे सरकणे जास्त. म्हणजे टेबल कितीही अचूक सरकवा, आतली रचनाच बदलली तर जुना नकाशा कामाचा नाही. मामांचा नवा मास्क झाला, नवा सीटी झाला, नवी योजना झाली. उरलेले उपचार तिच्यावर. उजवी पॅरोटिड त्यांनी अशी सांभाळली. आज मामा भाकरी वरणात चुरून खातात. मधले चार-पाच महिने मात्र फोन केला की एकच वाक्य : "भाकर गयाखाले उतरत नही रे भाऊ."

आता गणिताकडे येऊ, कारण या विषयाचा गाभा माझ्या मते तिथेच आहे. योजना करताना डॉक्टर गाठीभोवती थोडी जास्तीची जागा धरतात, तिला मार्जिन म्हणतात. नेम चुकला तरी गाठ सुटू नये म्हणून. किती धरायची? चुका दोन प्रकारच्या असतात. एक, रोज वेगळी : आज दोन मिलिमीटर डावीकडे, उद्या एक उजवीकडे. हिला आपण 'थरथर' म्हणू. दुसरी, रोज तीच : पहिल्या सीटीच्या दिवशी माणूस घाबरून खांदे वर करून झोपला होता, नंतर सैल झाला, त्यामुळे पुढचे तीसही दिवस तो त्या नकाशापेक्षा दोन मिलिमीटर खालीच. कापूस मोजायच्या काट्यात जसा पासंग असतो, प्रत्येक मापाला तेवढाच मार, तसे हे. थरथर तीस दिवसांत एकमेकीला बरीचशी खोडते आणि डोंगराची कड थोडी पुसट करते. पासंग मात्र साठतो. गाठीची एक कड तीसही दिवस उपाशी राहते आणि तिथून रोग परत येतो.

नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या मार्सेल व्हॅन हेर्क यांनी २००० मध्ये यावर सूत्र दिले. ९० टक्के रुग्णांमध्ये लक्ष्याला किमान ९५ टक्के मात्रा मिळावी असे वाटत असेल तर –

मार्जिन = २.५ × पासंग + ०.७ × थरथर

(दोन्ही ठिकाणी रुग्णसमूहातले स्टँडर्ड डिव्हिएशन घ्यायचे.) गुणक पाहा. पासंगाची किंमत थरथरीच्या साडेतीनपट! व्हर्नियरचा झीरो एरर प्रॅक्टिकलला का विचारतात ते मला इथे कळले.

उदाहरण घेऊ, आकडे माझे. समजा पासंग २ मिमी, थरथर २ मिमी. मार्जिन आले ५ + १.४ = ६.४ मिमी. रोज चित्र घेऊन दोन्ही १ मिमीवर आणले तर ३.२ मिमी. फरक ३.२ मिमीचा, दिसायला क्षुल्लक. पण घनफळ त्रिज्येच्या घनाने वाढते! लक्ष्य ३० मिमी त्रिज्येचा गोल धरला तर त्याचे घनफळ ११३ सीसी. ६.४ मिमी मार्जिनसह ते २०२ होते, ३.२ सह १५३. वाचलेले निरोगी मांस ४९ सीसी. एक पॅरोटिड साधारण २५ सीसीची असते. म्हणजे जवळजवळ दोन्ही पॅरोटिडएवढी जागा त्या तीन मिलिमीटरमध्ये दडलेली आहे. अर्थात प्रत्यक्षात लक्ष्य गोल नसते आणि पॅरोटिड सगळीकडे चिकटलेली नसते, पण अंदाज यावा.

मार्जिन कमी केल्याने रोग सुटून जातो का, ही भीती रास्त आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात रोज चित्र घेऊन उपचार केलेल्या २२५ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये आली. ५ मिमी आणि ३ मिमी मार्जिनवाल्यांत रोग परतण्याचे प्रमाण सारखेच निघाले. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, हे लक्षात ठेवावे. चित्राच्या एक्स-रेची मात्रा म्हणाल तर ती उपचाराच्या मात्रेच्या हजारातला एखादा-दुसरा भाग. आणि एक चूक अशी की जी कोणताही कॅमेरा पकडत नाही : गाठीची कड रेखताना डॉक्टरचा अंदाजच चुकला तर तो पासंग तीसही दिवस तसाच राहतो.

सगळ्या यंत्रांवर कोन-बीम सीटी नसते, आणि जिथे असते तिथे रोज प्रत्येकासाठी वेळ मिळेल असे नाही. बाहेर रांग असते. अशा ठिकाणी हात टेकायचे का? नाही! रॉटरडॅमच्या डी बूर आणि हायमेन यांनी २००१ मध्ये एक साधी रीत मांडली. पहिले तीन दिवस फक्त चित्रे घ्यायची, साधी उपचार-शलाकेची चित्रेही चालतात. तीन दिवसांच्या चुकांची सरासरी काढायची आणि चौथ्या दिवसापासून टेबल कायमचे तेवढे सरकवून ठेवायचे. थरथर तशीच राहते, पण पासंग निघतो. उरतो तो फक्त सरासरीतला दोष, म्हणजे थरथर भागिले ३ चे वर्गमूळ. वरच्या उदाहरणात २ भागिले १.७३, म्हणजे १.१५ मिमी. सूत्रात घाला : २.९ + १.४ = ४.३ मिमी. घनफळ १६९ सीसी. रोज चित्र घेऊन जे ४९ सीसी वाचत होते, त्यातले ३३ केवळ तीन चित्रांत आणि एका सरासरीत वाचले. महागड्या यंत्राचा दोन-तृतीयांश फायदा दहावीच्या गणिताने!

अट एकच. ही सरासरी पहिल्या तीन दिवसांच्या माणसाची आहे. तो वाळू लागला, मास्क सैल झाला, की पासंग गुपचूप परत येतो. म्हणून या रीतीची पुढची आवृत्ती जिथे वापरतात तिथे दर आठवड्याला आणखी एक चित्र घेतात आणि सरासरी नव्याने मांडतात. सहा आठवड्यांत अशी सात-आठ चित्रे पुरतात.